बंद घरात उचललेले अकरा फोन

या सदरातले अनुभव मी बरीच वर्षं वाचतो, आणि खरं सांगतो – विश्वास ठेवायला नाही, चुका काढायला. कुणी लिहितं की लाइट गेले होते, मिट्ट काळोख होता... आणि पुढच्याच ओळीत भिंतीवरच्या घड्याळात सव्वादोन वाजलेले दिसतात! हे मी बायकोला वाचून दाखवायचो आणि आम्ही दोघं हसायचो. मूळ कोकणातला असूनही भूतखेत, बाहेरची बाधा, यातलं काही मी कधी मानलं नाही. आजही मानतो असं म्हणवत नाही. म्हणून खाली जे लिहितोय त्यात चुका काढायची तुम्हाला पूर्ण मुभा आहे. मी स्वतः काढून थकलो.

आधी माहिती देतो, म्हणजे नंतर प्रश्न नकोत. मी प्रमोद सावंत, वय पंचावन्न. मुलुंड पूर्वेला चौथ्या मजल्यावर वन बीएचके, चारशे दहा चौरस फूट. बायको सुनीता एका पतपेढीत नोकरीला. मुलगी लग्न होऊन नाशिकला. आणि माझी आई. हे घडलं तेव्हा ती एकोणऐंशी वर्षांची होती, आणि त्याच्या दोन वर्षं आधी तिला अर्धांगवायूचा झटका आला होता. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. वाचा गेली म्हणजे पूर्ण गेली... ‘आ’ नाही की ‘ऊं’ नाही. समजायचं मात्र सगळं. डावा हात चालायचा, आणि त्या एका हाताने ती घर चालवायची म्हटलं तरी चालेल.

मी चोवीस वर्षं कांजूरमार्गच्या एका कारखान्याच्या ऑफिसात मॅनेजरसाहेबांचा सेक्रेटरी होतो. साहेबांच्या भेटीगाठी, पत्रं, बुकिंग, फोन. मग कारखाना गुजरातेत गेला आणि आम्हाला निरोप मिळाला. पन्नाशीनंतर नोकरी शोधून पाहा एकदा. एक मिळत होती, भिवंडीच्या गोदामात. सकाळी सातला घर सोडायचं आणि रात्री नऊला परत. सुनीता साडेनऊला निघते, साडेसहाला येते. मधल्या वेळेत आईकडे कोण बघणार? दोन मावश्या ठेवून पाहिल्या. एक आठवडाभर टिकली, दुसरी तीन दिवस.

माझी धाकटी बहीण बदलापूरला असते. ती एका रविवारी आली आणि जेवणं झाल्यावर तिने पर्समधून एक पत्रक काढून टेबलावर ठेवलं. तिकडच्या एका वृद्धाश्रमाचं. “दादा, वाईट वाटून घेऊ नकोस. डॉक्टर असतात, बाग आहे. मी जवळच आहे ना,” ती म्हणाली. बहिणीचं काही चुकलं नव्हतं. पण आई तिथेच खुर्चीत बसली होती. ती चौथी शिकलेली. बारीक अक्षरं तिला वाचता येत नव्हती, फोटो मात्र दिसत होते – रांगेत लावलेल्या खाटा, आणि प्रत्येक खाटेवर एक म्हातारी. आईने डावा हात लांब करून ते पत्रक उलटं करून ठेवलं. रागाने नाही. जेवणाचं ताट पालथं घालतात तसं, सावकाश.

त्या दिवशी मी ठरवलं. जे काय करायचं ते घरात बसून.

वाट दाखवली लॉर्नाने. ती आमच्या ऑफिसातली टायपिस्ट. माझ्या आधी दोन वर्षं बाहेर पडली आणि बोरिवलीला घरून काम करायला लागली. फोनवर म्हणाली, “ए सावंत, तू चोवीस वर्षं काय केलं रे? साहेबाचं डोकं सांभाळलं ना? आता तेच कर, फक्त साहेब घरी आणू नको. त्याला व्हर्च्युअल असिस्टंट म्हणतात, यार.” म्हणजे असं – डॉक्टर, वकील, छोटे व्यावसायिक, ज्यांना पूर्णवेळ माणूस परवडत नाही किंवा ठेवायला जागा नाही, त्यांचं कॅलेंडर, ईमेल, फोन, भेटीच्या वेळा हे सगळं आपण आपल्या घरून सांभाळायचं. एका वेळी चार-पाच जणांचं.

सुनीताचा भाऊ ऐकून हसला. “म्हणजे भावजी, तुम्ही आता टेलिफोन ऑपरेटर?”

“हो,” सुनीता म्हणाली, “आणि तुला पण आता अपॉइंटमेंट घेऊनच फोन करावा लागेल.”

मी कामाच्या अटी एका पानावर लिहिल्या. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा फोन उचलला जाईल, तिसऱ्या रिंगच्या आत. सहा वाजता दिवसाचा रिपोर्ट. पहिले पंधरा दिवस चाचणी, पसंत नसेल तर कारण न देता बंद. कामासाठी वेगळा मोबाईल घेतला, आणि स्वतःला एक नियम घातला: कामाचा एकही नंबर खाजगी मोबाईलमध्ये ठेवायचा नाही, खाजगी एकही कामाच्या मोबाईलमध्ये नाही. लॉर्ना म्हणाली, “एवढं काटेकोर कशाला रे?” मला ती शिस्त वाटत होती.

सेहेचाळीस ईमेल पाठवले. उत्तरं आली तीन, त्यातून काम मिळालं एक. बोरिवलीच्या एक फिजिओथेरपिस्ट, डॉक्टर आरती मॅडम. दोन क्लिनिक, शिवाय घरी जाऊन उपचार. त्यांच्या क्लिनिकच्या नंबरवर येणारे पेशंटचे फोन माझ्या कामाच्या मोबाईलवर वळवलेले असायचे. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, “सावंत, माझे आधीचे दोन लोक फोन न उचलल्यामुळे गेले. तुमचं जमलं तर माझ्या ओळखीचे आणखी दोघं डॉक्टर थांबलेत.” म्हणजे हे एक जमलं की तीन कामं, आणि तीन कामं म्हणजे भिवंडीचा विषय बंद. नाही जमलं तर... ते पत्रक सुनीताने टाकून दिलं नव्हतं. तिने ते ड्रॉवरमध्ये ठेवलं होतं, मला माहीत होतं.

माझं टेबल आईच्या पलंगाच्या पायथ्याशी. फोन वाजला की ती डाव्या हाताची बोटं हलवायची – उचल, उचल! दुसऱ्या रिंगला मी उचलला नाही तर कपाळाला आठ्या.

“बघा, मुकादम बसलाय तुमच्यावर,” सुनीता म्हणायची. “आईंचंच काम आहे हे. तुम्ही काय नवीन करताय?”

त्यातली गोष्ट अशी. मी शाळेत असताना आम्ही भांडुपला चाळीत राहायचो. बावीस खोल्या, आणि फोन फक्त आमच्याकडे. वडील गिरणीत युनियनचं काम बघायचे म्हणून आलेला. मग सगळ्या चाळीने आमचा नंबर पी.पी. म्हणून नातेवाइकांना देऊन ठेवला. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी – शेजाऱ्याच्या फोनवर आपल्याला बोलावून घ्यायचं किंवा निरोप ठेवायचा, त्याला पी.पी. नंबर म्हणत. आई दिवसभर बावीस घरांचे फोन घ्यायची. लिहून एकही ठेवत नसे. कोण बोलतंय, कुठून, काय सांगायचंय, एवढं विचारायची. आमचं घर मालवणी बोलणारं, त्यामुळे समोरचा गुजराती असो की मद्रासी, शेवटी तिचं एकच वाक्य: “निरोप पोचतलो. जेवलास मा?” म्हणजे निरोप पोचेल, जेवलास ना? आणि संध्याकाळी दारोदार जाऊन अकरा-बारा निरोप जसेच्या तसे सांगायची. एकही चुकल्याचं मला आठवत नाही.

चाचणीचा तेरावा दिवस होता. गुरुवार.

साडेदहाला मी आईला चहा पाजला. दहा मिनिटांनी कपाचा आवाज झाला म्हणून वळून पाहिलं, तर ती एका अंगाला कलंडली होती आणि सगळं शरीर थडथडत होतं. फिट आली होती. खालच्या मजल्यावरच्या दोघांना हाक मारली, रुग्णवाहिका आली, अकरा वाजून दोन मिनिटांनी आम्ही तिला खुर्चीत बसवून लिफ्टने खाली आणलं. दाराचं कुलूप मी स्वतः लावलं आणि ओढून पाहिलं. ही माझी सवय आहे.

हॉस्पिटल दहा मिनिटांवर. खाजगी मोबाईल खिशात होता, त्यावरून सुनीताला कळवलं, बाराला ती परस्पर आली. आईला इंजेक्शनं दिली होती, ती शुद्धीत नव्हती. पण तिच्या डाव्या हाताने माझ्या शर्टाची बाही पकडलेली होती, आणि ती काही सुटेना.

सव्वाबाराला माझ्या लक्षात आलं – कामाचा फोन! टेबलावर, चार्जिंगला. आणि मॅडमचा नंबर त्यातच. खाजगी मोबाईलमध्ये नव्हता... शिस्त ना! क्लिनिकच्या नंबरवर फोन केला तर तो त्याच बंद घरातल्या फोनवर वळणार. ईमेलचा पासवर्डही घरच्या वहीत.

“मी आणू का जाऊन?” सुनीताने विचारलं. तेवढ्यात सिस्टर आल्या, सीटी स्कॅनला न्यायचंय म्हणाल्या, उचलायला दोघंही हवेत. मग औषधं, मग सह्या, मग डॉक्टर. तीन वाजून गेले.

“आता तरी जाऊ?” सुनीता म्हणाली.

“राहू दे. चार तास फोन न उचलणारा माणूस कोण ठेवून घेईल?”

“अहो, पण जाऊन सांगता तरी येईल त्यांना, काय झालं ते.”

मी बाहीकडे पाहिलं. सोडवून जाता आलं असतं. सुनीता बसली असती तिच्याजवळ. मी गेलो नाही, तिलाही पाठवलं नाही. मनात म्हटलं, गेलं ते काम. आता भिवंडी. आणि आई... पुढचं मनातही बोललो नाही.

एक गोष्ट इथे नोंदवतो. दुपारभर आईचे ओठ हलत होते. सतत नाही, मधूनमधून. काही वेळ हलायचे, मग थांबायचे. सुनीताने ओला कापूस ओठांना लावला. “पाणी मागतायत का?” तिने सिस्टरना विचारलं. “नाही हो, पेशंट असं करतात,” सिस्टर म्हणाल्या. मी कुठलीही गोष्ट वेळेसकट लिहून ठेवणारा माणूस. त्या दिवशीही इंजेक्शनच्या वेळा लिहिल्या, ताप लिहिला, बीपी लिहिलं. ओठ कधी हलले ते लिहिलं नाही. ते लिहून ठेवायचं असतं असं मला का वाटावं?

संध्याकाळी आई स्थिर झाली. सुनीता थांबली आणि मी कपडे आणायला घरी आलो. साडेसहा. कुलूप जसंच्या तसं. आत कपाचे तुकडे जमिनीवर, सांडलेला चहा सुकलेला, पंखा चालू. फोन टेबलावर. वीस-पंचवीस मिस्ड कॉल असतील म्हणून उचलला.

मिस्ड कॉल एकही नव्हता.

आलेले आणि उचललेले फोन – अकरा. पहिला अकरा वाजून सहा मिनिटांनी, शेवटचा पाच अडतीसला. सगळ्यात लहान एक मिनिट पन्नास सेकंदांचा, सगळ्यात मोठा सहा मिनिटं दहा सेकंदांचा. म्हटलं तारीख चुकतेय. तारीख त्याच दिवसाची होती. तेवढ्यात फोन वाजला. आरती मॅडम.

“सावंत, आज सहाचा रिपोर्ट नाही आला?”

“मॅडम, आज जरा...”

“असू दे, असू दे. आज तुमच्याकडे फोनवर कोण होतं? आई का?”

मी टेबलाजवळच्या रिकाम्या पलंगाकडे पाहिलं.

“अहो, तीन पेशंटनी मला मुद्दाम सांगितलं. देशपांडे काकू तर म्हणाल्या, डॉक्टर, तुमच्या व्यायामापेक्षा त्या आजींशी बोलून गुडघा बरा वाटला! मी म्हटलं, वा, माझी वाट लावा आता.” त्या हसल्या. “चाचणीबिचणी राहू दे. त्यांनाच बसवत जा ना अधूनमधून.”

हो म्हणून टाकता आलं असतं. काम माझंच होतं, एका शब्दावर. पण उद्या यांनी आजींना फोन द्या म्हटलं तर? आणि तसं नसतं तरी... अटी मीच लिहिल्या होत्या. मी सगळं सांगितलं. फोन घरी विसरलो. घराला दिवसभर कुलूप होतं. आई दोन वर्षं बोललेली नाही, आणि आज अकरापासून बेशुद्ध, माझ्या डोळ्यांसमोर.

मॅडमनी सगळं ऐकून घेतलं.

“घरात दुसरं कुणी?”

“कुणी नाही, मॅडम. मी तुमचा फोन दिवसभर उचललेला नाही. हे तुम्हाला कळायला हवं.”

“सावंत,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या, “तुम्ही आधी आईकडे जा. उद्या-परवा सुट्टी. सोमवारपासून काम चालू. आणि स्कॅनचे रिपोर्ट मला पाठवा, मी बघते.”

जाण्याआधी मी त्या अकरा नंबरांना फोन लावायला बसलो. निरोप काय होते ते तरी कळायला हवे होते. पहिला फोन घाटकोपरच्या परब आजोबांचा, खांदा आखडलेला पेशंट. मी नाव सांगायच्या आत ते म्हणाले, “कोण, झील काय?”

झील म्हणजे मालवणीत मुलगा. त्रेपन्न वर्षांत आईशिवाय मला कुणी झील म्हटलेलं नव्हतं.

“तुझ्या आवशीन सांगल्यान, माझो झील साताक फोन करतलो म्हणून. दोन मिनटां उशीर केलंस.”

घड्याळात सात वाजून दोन मिनिटं झाली होती.

“आजोबा, आणखी काय म्हणाली ती?”

“काय म्हणतली? खांदो खंय दुखता ता इचारल्यान. निरोप पोचतलो म्हणाली. आनि जेवलास मा, इचारल्यान. बायको गेल्यापासून माका कोणी इचारूक नाय रे...”

अकराही जणांशी बोललो. सगळे माझ्या फोनची वाट बघत होते. कुणी चिडलेलं नव्हतं. बोरिवलीची एक गुजराती मुलगी म्हणाली, “अंकल, आंटीचं आर्धं समजलं नाही, पण तुम्ही फोन करणार ते समजलं.” सकाळपर्यंत अकरा जणांच्या वेळा मॅडमच्या कॅलेंडरवर चढल्या.

आता तुमचे प्रश्न. दोन किल्ल्या आम्हा दोघांकडे, तिसरी समोरच्या पाटकर काकूंकडे असते. काकू त्या आठवड्यात मुलीकडे पुण्याला होत्या, किल्ली त्यांच्या पर्समध्ये, पुण्याला. फोन आपोआप उचलण्याची सोय असते, ती बंद होती, आणि चालू असती तरी फोन स्वतः बोलत नाही. क्रॉस कनेक्शन म्हणाल, तर अकराच्या अकरा वेळा, आणि पलीकडे प्रत्येक वेळी मालवणी बाई? सर्व्हिस सेंटरच्या बाईंनी तपासून सांगितलं की फोन याच मोबाईलवर घेतले गेले. पेशंट एकमेकांना ओळखत नाहीत. मी खोटं सांगत असेन, हा एक पर्याय राहतो. तो तुमच्यावर सोडतो.

दुसऱ्या दिवशी आई शुद्धीवर आली. मी तिच्याजवळ स्टूल ओढून बसलो, वही उघडली आणि रोज साहेबांना वाचून दाखवायचो तशी अकरा नावं वाचली. कोण, कुठून, काय निरोप. तिने एकेक नाव नीट ऐकलं. शेवटी मी विचारलं, “आई, तू घेतलेस?”

तिने तोंड भिंतीकडे फिरवलं. मला वाटलं रडतेय. खांदे हलत होते. मी वाकून पाहिलं... ती हसत होती. आवाज नव्हता. लहानपणी आम्हा भावंडांना न सांगता खाऊ आणून ठेवायची आणि आम्ही शोधत फिरलो की तोंडाला पदर लावून हसायची, तशी.

“आई, सांग ना.”

तिने डावा हात हलवला. जा, काम कर.

मॅडमनी पुढे स्वतः येऊन आईला व्यायाम शिकवले. हात थोडा सुधारला, वाचा काही आली नाही. मॅडमच्या ओळखीचे दोघं आले, मग आणखी दोघं. आज माझ्याकडे सहा जणांचं काम आहे, आणि जास्त झालं की लॉर्नाला देतो. फोन उचलायला त्या दिवसानंतर माझ्याशिवाय कधी कुणी आलं नाही. तशी वेळच मी येऊ दिली नाही. मॅडमचा नंबर आता दोन्ही मोबाईलमध्ये आहे.

आई त्यानंतर चौदा महिने होती. घरीच. तिच्या पलंगावर, माझ्या टेबलाकडे तोंड करून. गेली तेव्हा सकाळचे साडेदहा वाजले होते, आणि मी ठाण्याच्या एका बाईंना मॅडमची वेळ देत होतो. फोन ठेवून वळलो तर श्वास थांबलेला. चेहरा शांत होता, कपाळावर एकही आठी नव्हती. मी वेळ लिहून ठेवली. मग वही मिटली आणि तिच्याजवळ बसलो.

सुनीता म्हणते, “आता कारण शोधत बसू नका. मुलगा घरी नव्हता, आईने फोन घेतला. एवढंच.” मला एवढ्यावर भागवता येत नाही, स्वभाव आड येतो. अजून एखादी शक्यता सुचली की मी तपासून बघतो आणि खोडतो. खरं कारण मला माहीत नाही. तिला घरी ठेवणं माझ्या हातून सुटत होतं, त्या दिवशी आमच्या बंद घरात कुणीतरी अकरा वेळा फोन उचलला आणि ती घरी राहिली. कुणी उचलला, तिथे मी काही लिहू शकत नाही.